काळ्या खडूवर एवढा राग का?

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतंय: ‘मुलाचं चित्र म्हणजे मनाचा एक्सरे. काळा रंग म्हणजे नैराश्य, हात नसलेला माणूस म्हणजे घरात धाक, कोपऱ्यातला सूर्य म्हणजे दूर गेलेले वडील. उपाय एकच, मुलांना आनंदी रंग द्या.’ मी सोलापुरात रविवारी मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. संक्रांतीनंतर एक आई हे वाचून घाबरली आणि मुलीचा कागद घडी घालून माझ्याकडे घेऊन आली.

आधी काळ्याचं बघू. कागद खरंच काळाकुट्ट होता. मुलीला म्हटलं, “सांग की, काय काढलंयस?” म्हणाली, “गड्ड्यातलं दारूकाम.” गड्डा म्हणजे संक्रांतीला होम मैदानावर भरणारी आमची सिद्धेश्वराची जत्रा. खाली पिवळा-लाल खडू, वर काळा थापलेला, मग नखानं खरवडून काढलेल्या ठिणग्या. तिथं रात्री आभाळ काय गुलाबी असतं? खालच्या बाजूला कोऱ्या जागा सोडल्या होत्या. ती बाराबंदीतली, म्हणजे जत्रेच्या पांढऱ्या पोशाखातली माणसं! पांढऱ्या कागदावर पांढरे कपडे दाखवायचे तर भोवती गडद लागतं, हे तिचं तिनंच शोधलं होतं. नखं अजून काळी होती.

हातांचं म्हणाल, तर तीन-चार वर्षांची पोरं डोक्यालाच पाय फोडतात. धड नाही, हात नाहीत. जगभर हेच. मग अख्खी बालवाडी धाकात म्हणायची का? चित्रातल्या एकेका खुणेवरून स्वभाव वाचायची पद्धत कॅरेन मॅकओव्हर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४९ साली मांडली. १९५७ मध्ये स्वेनसन यांनी तोवरचे अभ्यास तपासले, तर तिला फारसा आधार सापडला नाही. फॉरवर्ड मात्र आजही ताजं.

सूर्य कोपऱ्यात असतो, कारण मधली जागा घराला लागते. विषय संपला.

चित्रातून काहीच कळत नाही, असं नाही. मूल अचानक गप्प झालं, झोपेना, जेवेना, तर समुपदेशकाकडे जाच. पण ते मुलाकडे बघून, खडूकडे बघून नव्हे.

सगळ्यात घातक तो उपाय. वर्गातल्या एका मुलानं आजी गेल्यावर तिची रिकामी खाट काढली. घरच्यांनी खाटेवर फुलं काढायला लावली. त्यानंतर महिनाभर तो माझ्याकडे नुसते झेंडे काढत होता, पट्टीनं आखून. परवा कागद पुढ्यात घेऊन हळूच म्हणाला, “मॅडम, खाट काढली तर घरी दाखवणार का तुम्ही?”