बालपणीचे प्राणी कसे आठवावेत

चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या पदरी बालपणीचे निदान सात-आठ प्राणी असायलाच हवेत. कमी पडत असतील तर घाबरू नका. शेजाऱ्यांचा कुत्रा धरा, तुम्ही त्याला कधीतरी शिळी पोळी टाकली असेलच. काडेपेटीतला सोनकिडा धरा, बाभळीच्या पाल्यासकट. शेपटीला दोरा बांधून उडवलेला चतुर 'पाळलेला' म्हणून मोजावा की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझ्या मते मोजावा. दोरा होता म्हणजे नातं होतंच.

सुरुवात 'आमच्या घरी सगळ्यांनाच प्राण्यांचं वेड' अशी करा. 'सगळ्यांना' म्हटलं की त्यात आई आपोआप येते आणि पिंजऱ्याखालचा कागद रोज कोण बदलायचं, हा प्रश्न निघत नाही.

पोपट हवाच. मात्र 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पाळणं गुन्हा आहे, म्हणून तुमचा मिठू नेहमी अंगणात जखमी होऊन पडलेला असावा. महाराष्ट्राच्या अंगणांत आजवर इतके पोपट पडलेत, की झाडावर एखादा उरला कसा याचंच नवल! बरा झाल्यावरही त्याला आपल्याला सोडून जावंसं वाटलं नाही, हे आवर्जून सांगा. पंख कातरले होते, हे सांगायलाच हवं असं काही नाही.

घरट्यातून पडलेलं चिमणीचं पिल्लू आठवताना कापसाची वात आणि कोमट दूध विसरू नका. ऐकणारे तिथे हमखास हळवे होतात. पक्ष्यांना दूध पचत नाही, असं एखादा अर्धवट शहाणा मध्येच म्हणेल. त्याच्याकडे दुर्लक्ष करा आणि पिल्लू आईच्या विरहाने गेलं असं सांगून पुढे चला.

आठवडी बाजारातली गुलाबी-हिरवी कोंबडीची पिल्लं हा नाजूक विषय आहे. नर अंडी देत नाही, म्हणून हॅचरीला तो नको असतो. मग त्याला रंगात बुचकळून तुमच्यासारख्या प्राणिप्रेमींना विकतात. बहुतेक पिल्लं रंग उडायच्या आत मरायची. एखादं जगलंच तर त्याचा कोंबडा व्हायचा, आणि मग एके रविवारी पाहुणे यायचे. इथे 'नंतर तो कुठे गेला कोण जाणे' एवढंच म्हणावं. रस्सा झणझणीत झाला होता, ही आठवण काकूच्या सुगरणपणाच्या प्रकरणात घालावी.

मांजरांची गोष्ट थोडक्यात उरका. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आठवं घर मंडईच्या मागे होतं, आणि ते बाबांनी पिशवीतून नेऊन दाखवलं होतं.

सगळा जोर कुत्र्यावर लावा. नाव आठवत नसेल तर मोती म्हणा, कुणाला शंका येत नाही. मोती तुम्हाला शाळेपर्यंत सोडायला यायचा. (प्रत्येकाचाच यायचा. तेव्हा शाळांच्या फाटकात पोरांपेक्षा कुत्रीच जास्त असणार.) मग बाबांची बदली झाली आणि मोती टेम्पोमागे थेट नाक्यापर्यंत धावला. इथे आवाज दाटून येऊ द्या, पाण्याचा घोट घ्या. त्याच टेम्पोत फ्रिज, शिलाई मशिन आणि तुळशीचं वृंदावन मावलं होतं, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर 'त्याला त्या गल्लीचा लळा होता' हे उत्तर तयार ठेवा.

हा कार्यक्रम आई गावाला गेलेली असताना करावा. तिची स्मरणशक्ती अजून शाबूत आहे.

शेवटी तुमची मुलगी विचारणारच, 'बाबा, मग आपण आणायचा का कुत्रा?' तेव्हा चेहरा पाडून सोसायटीचा नियम पुढे करा. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. तिला ते मोबाइलवर सापडायच्या आत तिला झोपायला पाठवा.