मावशीच्या वहीतली पापं

परवा मावशीने मला एक वही दाखवली. तिने त्यात आठवतील तशी आपली पापं लिहून काढली होती, अगदी शाळेत मैत्रिणीशी बोललेल्या खोट्यापासून. कारण काय, तर फोनवर आलेला एक मेसेज: ‘प्रार्थनेत देव जवळ वाटत नाही? दोष तुमच्यातच आहे.’ काका गेल्यापासून तिची प्रार्थना कोरडी पडली आहे, हे तिने फक्त मला सांगितलं होतं. तोच मेसेज मलाही तिघांनी पाठवलाय, म्हणून इथे उत्तर देतो.

त्यातला पहिला दावा असा की मन कोरडं पडलं म्हणजे जीवनात लपलेलं पाप आहे, आणि ते सापडेपर्यंत देव ऐकत नाही.

यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. पाप दडवून गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, असं दावीद राजा बायबलमधल्या ३२ व्या स्तोत्रात सांगतो. पण दावीदाला आपलं पाप पक्कं ठाऊक होतं. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हा ‘शोध, तुझ्यात काहीतरी असेलच’ असं म्हणाला नाही. उरीयाला तू मारवलंस, त्याची बायको घेतलीस, असं त्याने तोंडावर सांगितलं. देव पाप दाखवतो ते असं, नाव घेऊन. दुःखात बुडालेल्या बाईला चाळीस-पन्नास वर्षांचं आयुष्य उकरत बसायला लावणं हे नाथानाचं काम नव्हे. ते संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्राचं, अलीफजाचं काम. ईयोबाच्या पुस्तकाचा २२ वा अध्याय काढून बघा. तू तहानलेल्याला पाणी दिलं नाहीस, विधवांना रिकाम्या हाती परत पाठवलंस, असे आरोप तो ईयोबावर करतो. एवढं संकट आलंय म्हणजे पाप असणारच, आणि सापडत नाही म्हणून त्याने ते रचलं. शेवटी, ४२ व्या अध्यायात, देवाचा राग पेटतो तो ईयोबावर नाही, अलीफज आणि त्याच्या दोन मित्रांवर. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने तो अध्याय आधी वाचावा.

दुसरा दावा: ज्याच्यात पवित्र आत्मा आहे त्याला असा अंधार कधी येतच नाही.

मग ८८ व्या स्तोत्राचं काय करायचं? अठरा वचनांचं हे स्तोत्र. पहिल्याच ओळीत तो माणूस देवाला आपल्या तारणाचा देव म्हणतो, म्हणजे विश्वास सुटलेला नाही. रात्रंदिवस हाक मारतो, रोज हात पसरतो, सकाळी पुन्हा विनवतो. उत्तर येत नाही. तू मला का टाकलंस, तोंड का लपवतोस, असं तो देवालाच विचारतो. पापाची कबुली त्यात कुठेच नाही. इतर बहुतेक विलापगीतं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याचं शीर्षक. हे गीत गायकांच्या प्रमुखासाठी आहे, असं त्यात म्हटलंय. म्हणजे हा अंधार एकट्याच्या खोलीत कोंडून ठेवलेला नव्हता, तो उपासनेत सगळ्यांनी मिळून गायचा होता. ज्याच्या शेवटी उजेड नाही असं गाणं देवाने आपल्या लोकांच्या तोंडी दिलं असेल, तर मावशीला अपराधी ठरवायचा अधिकार या मेसेजला कुणी दिला?

मदर तेरेसांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली पत्रं २००७ साली पुस्तकरूपाने आली. जवळपास पन्नास वर्षं त्यांना हाच अंधार होता, मधला थोडा काळ सोडला तर. त्या काळातही त्यांची रोजची प्रार्थना आणि सेवा थांबली नव्हती.

संशय घेणाऱ्याला काहीच मिळत नाही, यासाठी मेसेजमध्ये याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय दिलाय. तिथे प्रश्न दोन्हीकडे पाय ठेवणाऱ्याचा आहे, रडत देवाकडेच येणाऱ्याचा नाही. मार्काच्या ९ व्या अध्यायातला बाप एका दमात ‘माझा विश्वास आहे’ आणि ‘माझ्या अविश्वासाला मदत कर’ असं दोन्ही म्हणतो. येशूने त्याचं पोर बरं केलं. संशयात असलेल्यांवर दया करा, असं यहूदाच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय.

भावनेशिवाय प्रार्थना म्हणजे ढोंग, मन भरून येईपर्यंत थांबा, हे मेसेजमधलं म्हणणंही चूक. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने प्रार्थनेत तिसऱ्यांदाही तेच शब्द उच्चारले. थकलेल्याने ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना नुसती म्हटली तरी ती प्रार्थनाच आहे.

उदासीसाठी डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास, या मेसेजमधल्या वाक्यावर जास्त लिहित नाही. एलीया संदेष्टा मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकरी आणि पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खायला घातलं. शरीराची काळजी घेणं देवाला कमीपणाचं वाटलं नाही. झोप, भूक उडाली असेल तर डॉक्टरला जरूर दाखवा.

मावशी, ती वही माझ्याकडे दे. ८८ वं स्तोत्र आपण मिळून मोठ्याने वाचू. रविवारी उपासनेत मी तुझ्या शेजारी बसेन, आणि तुला गाणं म्हणवलं नाही तर तुझ्या वाटचंही मी म्हणेन.