हवा गेली की ट्रक आपोआप थांबतो, हा गैरसमज जीव घेईल

अवजड वाहनाचा परवाना मिळून वर्षही न झालेल्या माझ्या भाच्याने गेल्या आठवड्यात मला एक व्हिडिओ पाठवला आणि खाली विचारले, "मामा, हे बरोबर आहे ना?" चिखलीहून सोयाबीन भरायचे आणि बुलढाण्यावरून राजूर घाट उतरून मलकापूर गाठायचे, हे त्याचे नेहमीचे काम. ट्रकचालकांच्या गटांत फिरणाऱ्या त्या व्हिडिओत सांगितले आहे की, एअर ब्रेक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक, फेल होऊच शकत नाही, कारण हवा गेली की गाडी आपोआप जागीच थांबते. म्हणून घाटात न्यूट्रल करून डिझेल वाचवावे, ब्रेक थोडा थोडा मारत राहावा आणि हवेच्या टाकीतील पाणी वर्षातून एकदा काढले तरी पुरे.

पहिल्या विधानात अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो. मागच्या चाकांच्या बूस्टरमधील (दांडा ढकलून ब्रेक लावणाऱ्या डब्यातील) जाड स्प्रिंग हवेच्या दाबाने दबून राहते आणि दाब साधारण 1.4 ते 3 बारपर्यंत उतरला की ती ब्रेक लावते. परंतु ही स्प्रिंग स्वतःचे वेगळे ब्रेक घेऊन येत नाही; तेच लायनर (घासून वेग कमी करणारे पट्टे) ती चाकासोबत फिरणाऱ्या त्याच ड्रमवर दाबते. अमेरिकेत अवजड वाहनाच्या परवान्यासाठी अभ्यासावी लागणारी पुस्तिका एअर ब्रेकच्या विभागात स्पष्ट सांगते की, ब्रेक नीट समायोजित नसतील, तर नेहमीचे ब्रेकही नीट चालत नाहीत आणि स्प्रिंगचेही नाहीत.

शिवाय घाटात ब्रेक अनेकदा हवा संपल्याने नव्हे, तर उष्णतेने दगा देतात, आणि व्हिडिओत उष्णतेचा उल्लेखच नाही याचा मला सर्वाधिक संताप येतो. तीन आसांच्या दहाचाकी ट्रकची वजनमर्यादा 28.5 टन आहे. एवढे वजन 100 मीटर खाली उतरते, तेव्हा 85 ते 90 लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी ऊर्जा मोकळी होते. गाडी न्यूट्रल असेल, तर या ऊर्जेचा मोठा भाग एकट्या ब्रेकना गिळावा लागतो. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो, बूस्टरच्या दांड्याला अधिक लांब जावे लागते आणि त्याची चाल संपली की हवेच्या काट्यावर 8 बार, म्हणजे पुरेसा दाब, दिसत असूनही ब्रेक पकडत नाही. करपट वास येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

डिझेलची बचतही खोटी आहे, कारण आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेल जवळजवळ बंद होते, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकावा आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारा) लावावा.

ब्रेक सतत दाबून धरू नये, एवढे व्हिडिओचे म्हणणे खरे आहे. पण भराभर मारत राहिल्याने कंप्रेसर भरून काढील त्याहून अधिक हवा खर्च होते. तीच पुस्तिका सांगते त्याप्रमाणे, वेग ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की ठामपणे ब्रेक दाबावा, सुमारे तीन सेकंदांत ताशी 8 किलोमीटर कमी करावेत आणि पाय पूर्ण सोडावा.

टाकीतील पाणी रोज काढावे, कारण कंप्रेसरमधून येणारे पाणी आणि तेल साचून व्हॉल्व्ह खराब होतात.

भाच्याला मी व्हिडिओऐवजी एक काम दिले. सपाट जागेवर गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचे, चाकांना ठोकळे लावायचे, हँडब्रेक सोडायचा आणि गाडीखाली जाऊन प्रत्येक स्लॅक अ‍ॅडजस्टर (बूस्टरचा दांडा ब्रेकला जोडणारा हात) हाताने जोरात ओढायचा. दांडा जोडलेल्या जागी तो सुमारे एक इंचाहून अधिक हलला, तर ब्रेक ढिला समजायचा. त्याच संध्याकाळी त्याने फोन केला; मागच्या डाव्या चाकाचा दांडा जवळपास दोन इंच बाहेर येत होता. मिस्तरीने तो नीट करेपर्यंत सोयाबीन चिखलीतच थांबले.