स्टूल कोणत्या रंगाचं होतं?

काल रात्री तो सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला भाग पाहिला. मालिकेचं नाव लिहीत नाही, माझी अर्धी मित्रयादी तिची भक्त आहे. पण झोप उडाली ती उडालीच.

आधी चांगलं सांगते. पहिली पंधरा मिनिटं अप्रतिम. आतल्या खोलीत मुलाचा मृतदेह आणि आई बाहेर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. त्याचा शर्ट हातात येतो, तोही ती तशीच घडी करून ठेवते. महिला हवालदार काही विचारत नाही. आईनं चादर उचलली की मुकाट्यानं दुसरं टोक धरते. पार्श्वसंगीत नाही, रडारड नाही. हे लिहिणाऱ्याच्या घरी कधीतरी पोलीस येऊन गेलेत, पैजेवर सांगते.

आणि मग पंच येतात, म्हणजे पंचनाम्याला साक्षीदार म्हणून उभे राहणारे. दोन बावळट माणसं. एकाला चहा हवाय, दुसरा न वाचता सही ठोकतो, मागे टुंईटुंई विनोदी संगीत. इथं माझं डोकं सणकलं.

कारण मी पंच होते. आमच्या मजल्यावरच्या आजींचा खून झाला तेव्हा साडेतीन तास त्यांच्या घरात उभी होते. एक हवालदार टेप धरायचे, दुसरे कार्बन घातलेल्या कागदांवर लिहायचे. दारापासून पलंग किती फुटांवर, पलंगाशेजारी पालथं पडलेलं स्टूल. आजींचा तुटका चष्मा पाकिटात गेला, पाकिटावर आमच्या सह्यांच्या चिठ्ठ्या, वर लाखेचं सील. लाख वितळल्याचा तो वास आणि देवघरातली विझलेली उदबत्ती. अजून नाकातून जात नाही.

आणि इथे? इन्स्पेक्टर साहेब सुरी रुमालात गुंडाळून खिशात टाकतात! 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. गोष्ट आजची, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, पण तो काढायचं एकालाही सुचत नाही. डीएनएचा रिपोर्ट सकाळच्या चहाबरोबर हजर. शेवटी आरोपी पोलीस ठाण्यात हुंदके देत कबुली देतो आणि सगळे एकमेकांची पाठ थोपटतात. अहो, पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही! 1872 च्या पुरावा कायद्यात हेच होतं, नव्या साक्ष अधिनियमातही हेच आहे. तुमचा हिरो कोर्टात तोंडावर आपटणार, पण तोवर मालिका पुढच्या खुनाकडे गेलेली.

‘अगं, मालिकाच आहे ती’ असं कोणी लिहू नका. मान्य, साडेतीन तास पंचनामा कोण बघेल? आणि माझा ‘सीआयडी’वर कधीच राग नव्हता. 1998 पासून ते दारं तोडत आले, आपण टाळ्या वाजवल्या. 2004 मध्ये त्यांनी 111 मिनिटांचा भाग सलग एका शॉटमध्ये केला, तेव्हा तर आमच्या घरात कोणी जागचं हललं नव्हतं. पण त्यांनी ‘हेच वास्तव’ असा आव आणला नव्हता. हे आणतात.

सात वर्षांनी मला समन्स आलं. सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, पाच मिनिटांत उरकला. मग बचाव पक्षाचे वकील उठले, अगदी गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, स्टूल कोणत्या रंगाचं होतं?” मी म्हणाले, तपकिरी. पंचनाम्यात लिहिलं होतं, हिरवं.

आता जे लिहितेय ते घरीही कोणाला सांगितलेलं नाही. स्टूल होतं शेवटच्या पानावर. ते पान मी वाचलंच नव्हतं. पाय दुखत होते, बाळ शेजाऱ्यांकडे होतं, हवालदार म्हणाले, “ताई, इथे सही.” मी केली.

आरोपी सुटला. सरकारी वकील म्हणाले, एका स्टुलानं केस पडत नसते. नसेल पडत.

मघाशी तो चादरीचा प्रसंग परत लावला. दुसरं टोक धरेपर्यंतच. पंच आत यायच्या आधी बंद केला.