क्लचला तेल पाजू नका! ‘दोन तासांत घरच्या घरी क्लच’ या मेसेजला उत्तर

‘गॅरेजवाले तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. दोन तास, एक जॅक आणि पान्यांचा सेट, एवढ्यावर घरीच क्लच बदला, वर गिअर ऑइलही भरून टाका. खाली सात मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी खूण. तो आमच्या मेहुण्यांपर्यंत पोचला आणि त्यांनी गाडी टेकवायला विटा जमवायला सुरुवात केली. आता गप्प बसणं शक्य नाही.

मॅन्युअल गिअरच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीचा क्लच घरी बदलता येतो, हे मान्य. पण मेसेज लिहिणारा कधी गाडीखाली शिरला असेल असं वाटत नाही.

सगळ्यात भयंकर आहे पाचवा मुद्दा: ‘क्लच जड लागत असेल किंवा घसरत असेल तर बॉनेटखालच्या क्लचच्या डबीत थोडं गिअर ऑइल टाका, वंगण होईल.’ हे वाचून हसू येतं, आणि मग घाम फुटतो. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या, क्लचच्या डबीत ब्रेक ऑइल असतं, बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४. ते गिअर ऑइलसारखं खनिज तेल नव्हेच, ग्लायकॉलवर आधारलेला द्रव आहे. पेडलकडचा मास्टर सिलिंडर आणि क्लचकडचा स्लेव्ह सिलिंडर यांच्यातली सीलं ज्या रबराची असतात, ते खनिज तेल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. फुगलेलं सील सिलिंडरात अडकतं, त्याची कड सरळ बसत नाही, आणि पेडल खाली गेलं की वर यायचं नाव घेत नाही.

एवढ्यावर भागलं तर नशीब. पुष्कळ गाड्यांत क्लचची वेगळी डबी नसतेच. ब्रेकच्याच डबीच्या कुशीतून एक बारीक नळी क्लचकडे गेलेली असते. म्हणजे ‘क्लचला वंगण’ म्हणून ओतलेलं तेल ब्रेकच्या मास्टर सिलिंडरात उतरतं. तिथलं सील फुगून तेल परत यायचं छिद्र झाकलं गेलं की ब्रेक आपोआप धरून राहतात, चाकं तापतात, आणि पुढे सीलच निकामी होतं. कुणी हे आधीच करून बसलं असेल तर गाडी सुरू करू नका, पेडल एकदाही दाबू नका. डबी रिकामी करून नवं ब्रेक ऑइल भरल्याने हे सुटत नाही. तेल जिथवर गेलं तिथवरचं प्रत्येक रबर बदलावं लागतं. मोजक्या गाड्यांच्या हायड्रॉलिकमध्ये खनिज तेलच लागतं, हे खरं. पण मग झाकणावर तसं लिहिलेलं असतं. झाकणावर जे आहे तेच टाकायचं, दुसरं काही नाही.

या सल्ल्याच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, की क्लच तेलात चालतो. कारचा हा क्लच कोरडा असतो. फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड चाक) आणि प्रेशर प्लेट (दाब देणारी तबकडी) यांच्या मधे क्लच प्लेट दाबली जाते आणि निव्वळ घर्षणाने ताकद पुढे जाते. गिअर ऑइल शेजारच्या गिअरबॉक्समध्ये, सीलच्या पलीकडे. ते क्लचपर्यंत आलं तर तोच बिघाड: इनपुट शाफ्टचं (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) सील गळतंय आणि प्लेट भिजून वाया गेली आहे. त्यामुळे गिअर ऑइल बदलून घसरणारा क्लच सुधारतो, हा दुसरा मुद्दाही तिथेच निकालात निघतो.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी दुखणं नक्की करा. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे चढतात पण गाडी वेग घेत नाही, तर प्लेट घसरतेय. उलट, पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना करकर होत असेल तर क्लच नीट सुटत नाही. अशा वेळी आधी स्लेव्ह सिलिंडरची गळती आणि लाइनमधली हवा बघा, केबलचा क्लच असेल तर केबलचा ताण. पुष्कळदा काम तिथेच संपतं.

आता विटा. ‘जॅक स्टँडची गरज नाही, दोन-दोन विटा पुरतात.’ विटेवर एका जागी भार आला की ती आधी इशारा देत नाही, सरळ फुटते. आणि या कामात गाडी नुसती उभी नसते. अडकलेला ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) पहारीने उचकटताना ती आडवी हलते. नुसत्या जॅकवरही भरवसा नको, त्याचं सील कधीही दगा देतं. मागच्या चाकांना ठोकळे, पुढे चेसिसच्या ठरलेल्या जागी स्टँड, आणि ड्राइव्ह शाफ्टचे मोठे नट चाकं जमिनीवर असतानाच सैल केलेले. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची, कारण स्टार्टरला थेट बॅटरीची तार येते. गिअरबॉक्सचं माउंटिंग सोडण्यापूर्वी इंजिनाला वरून किंवा खालून आधार हवा, नाहीतर ते एका बाजूला कलतं. शिवाय गिअरबॉक्सचं वजन तीस-चाळीस किलोच्या घरात. तो छातीवर घेऊन उतरवायचा, असं मेसेजात चक्क लिहिलंय! लिफ्टवर, सरावाच्या हातालाही बहुतेक गाड्यांत अर्धा दिवस जातो. दोन तासांचं विसरा.

‘फक्त प्लेट बदला, बाकी सामान गॅरेजवाले उगाच गळ्यात मारतात.’ गळ्यात मारणारे असतात, नाही असं नाही. पण प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) हे तीन नग एकत्रच बदलायचे. पाच-सहा महिन्यांनी बेअरिंग कुंईकुंई करू लागलं तर सगळा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. फ्लायव्हीलवर निळसर डाग, तडे किंवा रिव्हेटांनी पाडलेल्या खाचा दिसल्या तर तिचं काम आधी. क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं असेल तर तेही आत्ताच. जुन्या प्लेटची भुकटी हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा.

मेसेजात ज्याचा उल्लेखच नाही आणि जिथे घरचं काम हमखास फसतं, ती जागा म्हणजे प्लेट मध्यावर बसवणं. प्लेटवर बहुधा ‘फ्लायव्हील साइड’ असं छापलेलं असतं. उलटी बसली तर क्लच सुटणारच नाही. सेंटरिंगची दांडी घालून प्लेट मध्यावर धरायची, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर प्रेशर प्लेटचं कव्हर वाकतं आणि गाडी जागेवरून निघताना थरथरते. शेवटचा ताण टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. इनपुट शाफ्टच्या उभ्या खाचांना ग्रीस अगदी पुसट. मेसेज म्हणतो ‘भरपूर’. ते भरपूर ग्रीस फिरताना उडून थेट नव्या प्लेटवर जातं.

प्लेट मध्यावर असेल तर गिअरबॉक्स हाताने सरकून इंजिनाला टेकतो. बोटभर फट उरली, तर शाफ्ट थोडा फिरवून बघा, गाइड पिना तपासा, नाहीतर बाहेर काढून पुन्हा सेंटर करा. ती फट बोल्ट आवळून बुजवायची नाही. त्यात प्लेटचा हब वाकतो किंवा गिअरबॉक्सच्या कवचाचा कान तुटतो, आणि गिअरबॉक्स नुसता शाफ्टवर लोंबकळत ठेवला तरी तेच.

ऑइलच्या मुद्द्यात ‘जीएल-५ हे जीएल-४पेक्षा वरचं, डोळे झाकून घ्या’ असं आहे. नाही. एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, हिच्या १५६० क्रमांकाच्या प्रकाशनात गिअर ऑइलच्या या श्रेणी कामाप्रमाणे वाटलेल्या आहेत, परीक्षेतल्या गुणांप्रमाणे नाही. जीएल-५ मुख्यतः ॲक्सलमधल्या हायपॉइड गिअरांसाठी, जिथे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरतात. त्यासाठी त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त घालतात. सिंक्रोनायझरच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना ही द्रव्यं बाधू शकतात. शिवाय रिंगेला पकड घ्यायला थोडं घर्षण लागतं. जास्त निसरड्या तेलात गिअर टाकताना कुरकुर होते. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च.

‘इंजिन ऑइलही चालतं’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करावं लागतं. काही गिअरबॉक्सना कंपनीच इंजिन ऑइल किंवा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) सांगते. आणि ७५डब्ल्यू-९० मधला ९० बघून बिचकू नका, तो मोजमापाचा वेगळा तक्ता आहे. गरम झाल्यावर ते साधारण ४० ते ५० ग्रेडच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. फरक दाटपणात नाही, द्रव्यांत आहे. म्हणून ‘चालतं’ हे तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तरच.

भरताना एक नियम: आधी वरचा फिलर प्लग उघडतोय का ते बघा, मगच खालचा ड्रेन प्लग काढा. वरचा जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असला तर चालेल, चकाकते तुकडे नकोत. वायसर नवा. गाडी सपाट हवी. मेसेजातल्याप्रमाणे पुढून उचललेल्या गाडीत पातळी चुकते. साधारण दोन लिटर लागतं, काहींना थोडं कमी, काहींना तीनपर्यंत. छिद्रातून धार येऊन ती बारीक होईपर्यंत थांबायचं, मग प्लग. जास्त भरलेलं तेल फेसाळतं आणि सील किंवा ब्रीदरमधून (हवा जायच्या छिद्रातून) बाहेर पडतं.

सातवा मुद्दा, नव्या क्लचवर जोरात रेस करून तो ‘बसवायचा’. पहिले काही शे किलोमीटर उलट सौम्य चालवा. आणि पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर पेडल दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. करकर झाली तर आधी लाइनमधली हवा काढा. तरीही थांबली नाही तर प्लेट उलटी बसली आहे का, हे बघायला गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यावा लागेल.