शिष्यवृत्तीच्या त्या मेसेजमध्ये खरं किती?

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो आमच्या माहेरच्या ग्रुपवर दोनदा आला. मजकूर थोडक्यात असा: 'मागासवर्गीय मुलांना सरकार फुकट शिकवतं, बाप कितीही कमावता असो, वर खात्यात साठ-साठ हजार टाकतं, ती मुलं त्यातून मोबाइल घेतात. आपल्या गरीब मुलांना मात्र दमडीही नाही.' मी नऊ वर्षं एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासते आहे. ग्रुपवर चार ओळींत सांगून भागेना, म्हणून हे सविस्तर.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्या वाक्याने होतं. खुल्या वर्गातल्या मुलांना काही नाही, हे खोटं आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना त्यांच्यासाठीच आहे. कॉलेजात तिला सगळे 'ईबीसी' म्हणतात. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, प्रवेश मिळाला असेल, तर निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (मराठा समाज) आणि ओबीसी गटांतल्या मुलींना २०२४-२५ पासून ते पूर्ण मिळतं. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांच्या राहण्याखाण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा फी भरायला खिडकीवर आला. वडिलांनी सोन्यावर कर्ज काढलं होतं. ईबीसीचा फॉर्म भरलास का, असं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आम्ही ओपनचे. आम्हाला कुठे काय असतं?" मुदत नुकतीच संपली होती. मिळू शकणारी निम्मी फी त्या घराने व्याजाने आणून भरली. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना वाटतं की आपण आपल्या मुलांची बाजू घेतोय. त्या मुलाला त्या बाजूने काय दिलं?

आता 'बाप कितीही कमावता असो'. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाच्या) शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाला उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला २.५ लाख. ईबीसीची ८ लाख. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून बघा. महिन्याला २१ हजार पगार असलेल्या कंत्राटी कामगाराचा मुलगा पहिल्या योजनेतून बाहेर पडतो. यात एक गोष्ट मात्र खरी आहे, ती लपवत नाही: मर्यादेबाहेरच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला राज्याची फ्रीशिप मिळते. तिच्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क येतं. खर्चासाठी भत्ता येत नाही.

खात्यात येणाऱ्या पैशांबद्दलचा गैरसमज सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट. २०२१-२२ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतो. उरलेला ४० टक्के राज्याचा. त्या रकमेतला मोठा भाग कॉलेजची फी असतो आणि मुलाने तो आणून कॉलेजात भरायचा असतो. बँकेचा मेसेज आला की गल्लीत बातमी होते, अमक्याच्या पोराला तीस हजार आले. आठवडाभरात तोच पोरगा आमच्याकडून फीची पावती घेऊन जातो, ते कुणी बघत नाही.

मग त्याच्या हातात उरतं काय? बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्या आणि घरून ये-जा करणाऱ्या मुलाला भत्ता वर्षाला ३,००० रुपये. दिवसाला आठ रुपये. वसतिगृहात राहत असेल तर ६,०००. इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या पदवीला वसतिगृहातल्या मुलाला १३,५००, म्हणजे महिन्याला सव्वाअकराशे. पुण्यात तेवढ्यात मेसचा महिना निघत नाही. आणि हे पैसेही वेळेवर येतील याची खात्री नसते. आमच्याकडची एक मुलगी अख्खं वर्ष विचारत होती, पैसे का नाही आले. तिचं आधार दहावीत उघडलेल्या आणि नंतर बंद पडलेल्या खात्याशी जोडलेलं निघालं. रोज मजुरीला जाणाऱ्या आईला काम बुडवून दोनदा बँकेत जावं लागलं.

साठ हजारांचा आकडा कुठून आला, तेही सांगते. तो भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार: ३२ हजार जेवणाचे, २० हजार खोलीचे, ८ हजार इतर खर्चाचे. जिल्ह्याच्या ठिकाणी ते कमी होत ४३ हजारांवर येतात. सरकारने वसतिगृह बांधून खाट दिली असती, तर ही रक्कम द्यावी लागली नसती. आदिवासी मुलांसाठी अशीच स्वयम योजना आहे, ओबीसींसाठी 'आधार' नावाची योजना आहे.

राहिला मोबाइल. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, ओटीपी मोबाइलवर. मोबाइल नसेल तर फॉर्मच भरता येत नाही.

एक तक्रार मात्र मला पटते. अनुसूचित जातीच्या मुलाला पूर्ण शिक्षण शुल्क आणि तेवढ्याच गरीब घरातल्या खुल्या वर्गातल्या मुलाला निम्मंच, हे त्या दुसऱ्या मुलाला जाचणारच. त्याची फीही पूर्ण माफ व्हावी, असं मी मनापासून म्हणते, आणि त्यासाठी आमदारांकडे निवेदन घेऊन जाणार असाल तर पहिली सही माझी. पण पहिल्या मुलाची शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे, ती केवळ गरिबीवर उपाय म्हणून आली नव्हती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिरू दिलं नाही, त्यांच्यासाठी ती होती. ती बंद केल्याने दुसऱ्याच्या फीत एक रुपयाही कमी होणार नाही.

तो मेसेज ग्रुपवर टाकणाऱ्या माझ्या मामांची नात यंदा फार्मसीला जाते आहे. काल मामांना फोन करून कागदांची यादी लिहून घ्यायला लावली: उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, रेशनकार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, आणि आधार कोणत्या बँकेच्या खात्याशी जोडलंय ते तपासून. दाखल्याला तहसीलमध्ये वेळ लागतो. मामा म्हणाले, सोमवारी सकाळीच जातो.