इंजिन एक नग, चालू

आमच्याकडे एक जीप आहे. कागदावर ती पेट्रोलवर चालते, रस्त्यावर डिझेलवर चालते आणि तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे खंडोबाच्या कृपेवर चालते. या तिघांचं 35 वर्षं गुण्यागोविंदानं जमलं होतं. यंदा पासिंगची तारीख आली आणि फाटलं.

जीप 1968 सालची, महिंद्राची सीजे-थ्रीबी. तिचं मूळ इंजिन पेट्रोलचं, 'हरिकेन' नावाचं, 2.2 लिटरचं. ते इतकं उंच होतं की त्याला जागा व्हावी म्हणून या मॉडेलचं बॉनेटच उंच करावं लागलं. म्हणून आमची जीप समोरून बघितली की भुवया वर केलेल्या हेडमास्तरांसारखी दिसते. हरिकेन म्हणजे वादळ. हे वादळ लिटरला सहा किलोमीटर जायचं, चढ असला तर पाच. 1991 साली उसाचं बिल आलं तेव्हा तात्यांनी मिस्त्रीला बोलावलं, एका अपघातग्रस्त गाडीचं डिझेल इंजिन भंगारवाल्याकडून आणलं आणि दोन दिवसांत वादळ गोठ्यात गेलं. इंजिन गेलं, कपाळ तेवढं उंच राहिलं.

नवं इंजिन प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या घराण्याचं. महिंद्रा त्या काळी आपल्या जीपमध्ये हेच बसवायची, 2112 सीसीचं. पण गावात कुणाला फ्रान्सशी देणंघेणं नव्हतं. पूजा करून बसवलं म्हणून त्याला 'पूजो' म्हणतात, अशी माझी दहावीपर्यंत समजूत होती.

आता, इंजिन बदललं की 14 दिवसांत आरटीओला कळवावं, असं मोटार वाहन कायद्यात आहे. त्या काळी रीतसर अर्ज केला तर मंजुरीही मिळायची. तात्या म्हणाले, "सोमवारी जाऊ." ते बोलले तो वार शनिवार होता, एवढं आईला आठवतं.

पुढं 2000 साली कलम 52 बदललं. गाडीच्या नोंदणीत कंपनीनं जे लिहिलंय त्यापासून फारकत घ्यायची नाही, असा त्याचा सरळ अर्थ. इंजिन खराब झालं तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं बसवा. पेट्रोलच्या जागी डिझेल चालणार नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही गाड्यांच्या फेरबदलांबद्दल हेच बजावलं. आमची जीप तेव्हा डिझेलच्या धुरातून शांतपणे ऊस बघायला चालली होती.

आणि धूर होता हं. थंडीत सकाळी जीप सुरू केली की शेजारच्या काकू वाळत घातलेल्या साड्या आत न्यायच्या. ताशा वाजला की लग्न, आणि धडधड ऐकू आली की साड्या आत, असा गल्लीचा रिवाज पडला होता.

पण गंमत ऐका. या जीपची पीयूसी कधीच अडली नाही. दर सहा महिन्यांनी मी हायवेवरच्या केंद्रावर जातो. पोरगा संगणकात नंबर टाकतो. समोर येतं, 'इंधन: पेट्रोल'. त्यामुळे तो पेट्रोलची नळी घेतो आणि सायलेन्सरात खुपसतो. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे 3 टक्के. जीपचा आकडा येतो शून्य पूर्णांक शून्य काहीतरी. पोरगा माझ्याकडे आदरानं बघतो. एकदा म्हणाला, "काका, काय इंजिन राखलंय! कालची नवी गाडी एवढी स्वच्छ नव्हती."

मला आनंद झाला, लाजही वाटली, आणि गप्प बसावंसं वाटलं. मी तिसरी गोष्ट निवडली.

याचं कारण मला नंतर मिस्त्रीनं सांगितलं. डिझेल इंजिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं, त्यामुळे मोकळं चालताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड जवळपास येतच नाही. त्याचं पाप काजळीत आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमध्ये असतं. काजळी बघायला वेगळं यंत्र लागतं, धुराचं, ज्यात अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला लावतात. पेट्रोलची नळी त्यातलं काही विचारतच नाही. म्हणजे मुलगा बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारावं, "मुलगा मांसाहार करतो का?" आणि आपण शपथेवर सांगावं, "अंडंसुद्धा नाही." दारूचं कुणी विचारलंच नाही, त्याला आपण काय करणार?

तर पासिंग. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी पुढं न्यावी लागते. आजवर ते काम एजंट करायचा. बॉनेट उघडायला आमच्या जीपला दोन खिट्ट्या आणि एक वायर सोडवावी लागते, त्यामुळे त्या फंदात कुणी पडलं नव्हतं. यंदाचे निरीक्षक तरुण निघाले. त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधीच डोकं तिरकं करून आवाज ऐकला. आमचे गाणं शिकवणारे गुरुजी असंच डोकं तिरकं करायचे, आणि मग मी घरी जायचो.

"गाडी पेट्रोल आहे ना?"

"होती," मी म्हणालो.

"होती म्हणजे?"

एवढ्यात तात्या जीपमधून उतरले. वय 81, एका कानानं कमी ऐकू येतं, आणि नेमका तो कान निरीक्षकांच्या बाजूला होता. "डिझेलच भरा," ते म्हणाले. "पेट्रोल टाकलं तर फुटंल."

निरीक्षकांनी टॉर्च काढली, इंजिनावरचं तेल बोटानं पुसून नंबर वाचला, मग आरसीकडे बघितलं, मग परत इंजिनाकडे. चॅसीचा नंबर जुळला. कागद ठेवून पेन्सिल घासली तर चक्क स्वच्छ उमटला. पण माणसाचा अंगठा जुळावा आणि काळीज दुसऱ्याचं निघावं, तशी अवस्था झाली.

"इंजिनाचं बिल आहे?"

बिल होतं! तात्यांनी ते इतकी वर्षं पोथीत जपून ठेवलं होतं. पिवळ्या कागदावर शाईनं लिहिलेलं: 'इंजिन एक नग, चालू'. खाली रक्कम, आणि त्याखाली हळदीचा डाग. निरीक्षकांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. मागच्या बाजूला कडब्याचा हिशेब होता.

माणूस सज्जन होता. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं की परवानगीशिवाय बदल केला तर कलम 182-ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि दंड प्रत्येक बदलाला वेगळा. 'प्रत्येक' म्हणताना त्यांची नजर मागच्या बाकड्यावर गेली. ते जुन्या एसटीचं आहे. मग हॉर्नवर गेली. तो ट्रकचा आहे. मी मनात पाढा म्हणायला लागलो. पाच एके पाच, पाच दुणे दहा...

"आजोबा," ते तात्यांना म्हणाले, "14 दिवसांत कळवायचं असतं."

"आता कळवलं की," तात्या म्हणाले.

घरी येऊन मी पळवाटा, म्हणजे मार्ग, शोधले. पहिला मार्ग व्हिंटेजचा. 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. मी हरखलो. मग पुढची ओळ वाचली. गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. शिवाय अशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग ऊस बघायला ती येणार का मी एकटा जाऊ?"

दुसरा मार्ग इंधन बदलायच्या मान्यताप्राप्त कीटचा, सीएनजी किंवा बॅटरी. हे कायद्यात बसतं, पण कीटला त्या त्या मॉडेलसाठी मंजुरी लागते, आणि ती देणाऱ्या संस्थांपैकी एक म्हणजे पुण्याची एआरएआय. ही संस्था काय करते हे पुण्यात फारसं कुणाला ठाऊक नाही. सगळ्यांना तिथली टेकडी ठाऊक आहे. मीही दहा वर्षं तिथं फिरायला जात होतो. ज्या भिंतीला टेकून मी बुटातले खडे काढायचो तिच्यामागे माझ्या जीपचं नशीब बसलं असेल, हे तेव्हा कुठं माहीत? पण एका जीपसाठी असली मंजुरी मिळवणं म्हणजे एका भाकरीसाठी गिरणी घालणं.

मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, त्यांच्याकडे इंजिन बदललेल्या गाडीसाठी चक्क 'रेफ्री' असतो. नवं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं असावं, आणि त्याची प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा त्याच्याबरोबर आली पाहिजे. सगळं बरोबर असलं की रेफ्री गाडीवर लेबल चिकटवतो. "आणि तुझी 1968 ची इथं असती ना, तर तिला स्मॉग चेक, म्हणजे इथली पीयूसी, लागलाच नसता. 1975 आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना माफी आहे, 1997 पर्यंतच्या डिझेल गाड्यांनाही." तिथं सोय दोघांचीही, इथं अडचण फक्त डिझेलची. मी फोन ठेवला. नातेवाइकांच्या सल्ल्यानं पोट भरत नाही, हे आई नेहमी सांगते.

शेवटी मिस्त्रीलाच गाठलं. तोच जुना मिस्त्री, आता मुलगा काम करतो आणि हा खुर्चीत बसून शिव्या देतो. त्यानं सगळं ऐकलं, विडी विझवली आणि म्हणाला, "दादा, यवढा घोळ कशापायी? मूळचं इंजिन हाय की तुमच्या गोठ्यात. नंबर तोच, पेट्रोल तेच. घाला परत."

इतकं सोपं? आरसीत जे लिहिलंय ते खरं करायचं, बस्स. लिटरला सहा किलोमीटर तर सहा किलोमीटर. बायकोनं हिशेब करून सांगितलं की ऊस बघून यायला उसापेक्षा जास्त खर्च येईल. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तत्त्व लिटरला किती देतं?

रविवारी मिस्त्री, त्याचा मुलगा, चेनपुली आणि मी गोठ्यात गेलो. वैरणीच्या मागं, पोत्यांखाली हरिकेन होतं. पोती काढली. एवढ्या वर्षांत त्याच्यावर काय काय साठलं होतं: एक फुटका कंदील, माझी हरवलेली बॅट, आणि बरोबर मधोमध तात्यांची तांबडी कोंबडी. खुडूक बसलेली. मिस्त्रीच्या मुलानं हात पुढं केला तर तिनं असा टोचा मारला की चेनपुली त्याच्या पायावर पडली.

तात्या काठी टेकत आले. कोंबडीला त्यांनी हळूच उचलून बघितलं, खालची अंडी मोजली. नऊ होती.

"हिला उठवायची न्हाई," ते म्हणाले. "कालच बसलीय."

"किती दिवस, तात्या?"

"एकवीस."

मी कोंबडीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे निरीक्षकांसारखं डोकं तिरकं करून बघितलं. बाहेर जीप सुरूच होती, मिस्त्रीनं बॅटरी चार्ज व्हावी म्हणून तशीच ठेवली होती, आणि शेजारच्या काकू साड्या आत नेत होत्या.

"बरं," मी म्हणालो. "सोमवारी बघू."